डाग पडतात म्हणून

मैत्रिणीकडे कुणीतरी लिलीचा गुच्छ घेऊन आलं होतं. पांढरीशुभ्र, पुरती उमललेली फुलं. तिनं फुलदाणीत पाणी भरलं, देठ तिरपे कापले आणि मग तीच कात्री एकेका फुलाच्या आत घालून सहाच्या सहा परागकोश उडवले. विटकरी रंगाचे, मधोमध टेकू दिल्यासारखे डुलणारे परागकोश खाली पसरलेल्या कागदावर टपटप पडले. "अगं, डाग पडतात. कपड्याला एकदा लागला ना की जाता जात नाही," असं म्हणत तिनं कागद चुरगाळला आणि केरात टाकला. "आता बघ कशी स्वच्छ दिसतायत." दिसत होती खरी. टोकाला काहीच नसलेले सहा फिकट हिरवे तंतू, आणि त्यांच्यापेक्षा वर मान काढलेली, तीन पाळ्यांची, चिकट, चकाकणारी कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं मादीचं टोक. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं तरी काय? फुलदाणीतल्या लिलीला बी थोडीच धरणार होती! पण तो चुरगाळलेला कागद पुढे कितीतरी वेळ मनातून जाईना.

डागाबद्दल तिचं म्हणणं बरोबरच होतं. लिलीच्या परागावर तेलकट लेप असतो आणि त्या लेपातच रंग असतो. कीटकाच्या अंगाला चिकटून राहावं यासाठीच ती सगळी तजवीज. कीटक कोण आणि ओढणी कोण हे परागाला कळत नाही. पाण्यानं पुसायला जावं तर डाग आणखी पसरतो, कोरडाच झटकावा किंवा चिकटपट्टीनं उचलावा. घरात मांजर असेल तर लिली आणूच नये, कारण तिचा पराग काय, पान काय, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांचा घात करतं. म्हणजे कात्री लावायला कारणं भरपूर आहेत. मला खटकलं ते 'स्वच्छ' हे प्रशस्तिपत्र. ज्याच्यासाठी एवढी पांढरी पाकळी, एवढा वास आणि एवढा मध मांडून ठेवलाय, तेच काढून टाकल्यावर फूल स्वच्छ!

हीच कात्री १६९४ साली ट्यूबिंगेनच्या रुडॉल्फ कामेरारिउसनं चालवली होती, वेगळ्या हेतूनं. एरंडाची नरफुलं पराग सुटायच्या आत त्यानं काढून टाकली. नीट भरलेलं बी एकही धरलं नाही. मक्याच्या कणसाचे केस कापले. दाणे भरले नाहीत. तुतीचं मादीझाड नरझाडापासून लांब होतं, त्याला फळं आली पण आतलं बी पोकळ निघालं. एका सहकाऱ्याला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्यानं हे सगळं मांडलं, आणि वनस्पतींनाही नर-मादी असतात याचा प्रयोगानं दिलेला पहिला भक्कम पुरावा म्हणून आज त्या पत्राचा दाखला देतात. काढून टाकल्यावर काय अडतं ते बघायचं, एवढीच युक्ती. पुढे मेंडेलनं वाटाण्याच्या कळ्या उघडून आतले कोवळे परागकोश चिमट्यानं काढले, तीही याच जातीची. परागाचं महत्त्व माणसाला कळलं ते असं, त्याला वजा करून.

शाळेत मात्र हे प्रकरण एका वाक्यात आटोपलं होतं. परागकोशातले परागकण कुक्षीवर पडणे म्हणजे परागण. खाली आकृती, बाणांनी नावं, स्वपरागण आणि परपरागण यांतले फरक, दोन गुण. 'पडणे' या क्रियापदावर धडा संपायचा आणि पुढच्या पानावर फळ तयार असायचं. मधल्या मजकुराची उत्सुकता तेव्हा मलाही नव्हती. ती लागली बरीच नंतर, प्रयोगशाळेत, एका सदाफुलीमुळे.

सदाफुलीचं फूल वरून बघितलं तर आत काही असेलसं वाटतच नाही. मधोमध एक बारीक भोक, बस्स. पाकळ्यांची नळी उभी चिरली की वरच्या टोकाशी दडून बसलेले परागकोश सापडतात. सुईच्या टोकावर आलेला पराग आम्ही स्लाइडवरच्या थेंबात सोडायचो. साखरेचं पाणी, त्यात नाममात्र बोरिक आम्ल आणि कॅल्शियमचा क्षार. वर कव्हरस्लिप. पहिली काही मिनिटं नुसते गोल ठिपके दिसत राहिले. मग एका कणाच्या कडेला फुगवटा आला. तो फुगवटा लांबत गेला, आणि बघता बघता त्या कणातून एक पारदर्शक नळी बाहेर आली होती. वाढताना ती दिसत नव्हती. डोळा काढून पुन्हा लावला की वाढलेली दिसायची. भिंग बदलून जवळून पाहिलं तर आत गडबड चाललेली. बारीक बारीक कण नळीच्या कडांनी टोकाकडे धावत होते आणि मधून माघारी फिरत होते. अगदी टोकाशी मात्र एक निवळ भाग, जिथे काहीच घुसत नव्हतं. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी "झालं का गं तुझं?" असं विचारत होतं आणि मला मान वर करवत नव्हती. ज्याला आपण धूळ म्हणून झटकतो, ते काहीतरी शोधायला निघालं होतं.

परागकण म्हणजे बी नव्हे, हे तर सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो नुसता पुंबीजाचा, म्हणजे नर बीजपेशीचा, डबाही नव्हे. तो एक अख्खी वनस्पती आहे. दोन किंवा तीन पेशींची, आयुष्य फार थोडं, पण स्वतंत्र पिढी. शेवाळात आणि नेच्यात ही पिढी उघड्यावर जगते, डोळ्यांना दिसते. त्यांच्या पुंबीजांना पोहून जायला पाणी लागतं, म्हणून ओल सोडून त्यांचं भागत नाही. बी धरणाऱ्या झाडांनी ती पिढी आकसून एका कणात बसवली आणि पाण्याचं बंधन तोडलं. जुनी सवय सगळ्यांनी एकदम टाकली नाही म्हणा. १८९६ साली जपानमध्ये साकुगोरो हिरासे यांना गिंको या झाडाच्या बीजांडात, म्हणजे पुढे ज्याचं बी होतं त्या भागात, चक्क पोहणारी पुंबीजं दिसली. पराग वाऱ्यावर उडत येतो आणि शेवटच्या टप्प्यावर, बीजांडाच्या आतल्या थेंबभर ओलाव्यात, पुंबीजं पुन्हा पोहतात. आणि कणात अख्खी वनस्पती असते हे शब्दशः घ्यायचं असेल तर १९६४ सालचं दिल्ली विद्यापीठ बघावं. सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याचे कोवळे परागकोश पोषकद्रव्यात वाढवले, तेव्हा आतल्या परागकणांपासून गर्भ तयार झाले आणि त्यांची रोपं वाढली. मातेचा वाटा नसलेली, गुणसूत्रांचा एकच संच असलेली रोपं. पिकांच्या नव्या वाणांसाठी आज हे तंत्र जगभर वापरतात. मला त्याहून जास्त भुलवते ती त्या बंद परागकोशातली हालचाल, कुक्षीची वाट न बघताच सुरू झालेली.

परागाच्या पोटात काय आहे हे बघायला निघालेल्या माणसांच्या हाती भलतंच काही लागलं, असंही झालंय. रॉबर्ट ब्राउन १८२७ साली क्लार्किया नावाच्या फुलाचा पराग पाण्यात घालून बघत होता. त्याला उलगडायचं होतं फलनाचं कोडं. परागकणांतून बाहेर आलेले अतिसूक्ष्म कण सतत थरथरताना दिसले आणि हाच तो जीव असं त्याला क्षणभर वाटलं. पण माणूस चिवट. वाळून खडंग झालेल्या झाडांचा पराग घेतला, काचेची पूड घेतली, दगडाची पूड घेतली. सगळंच थरथरत होतं. पुढे त्या थरथरीतून अणुरेणूंचं अस्तित्व सिद्ध झालं, भौतिकशास्त्राचं भलं झालं, आणि पराग बिचारा बाजूला राहिला. (पाण्यात परागकण नाचत होते, असं सर्रास लिहिलं जातं. परागकण तेवढं नाचायला फार मोठा पडतो. नाचत होते ते त्याच्या आतले कण.) कोड्याचा खरा धागा त्याआधीच, १८२४ साली, जोव्हानी अमिचीनं जाहीर केला होता. घोळीच्या कुक्षीवर बसलेल्या परागकणातून नळी निघताना त्याला दिसली. पण त्या नळीचा अर्थ लावताना पंडित असे घसरले की वाचताना हसू येतं. श्लायडेन हा पेशीसिद्धांताचा एक जनक. त्यानं ठामपणे मांडलं की नळीचं टोकच पुढे गर्भ होतं. बीजांडाचं काम फक्त त्याला जागा देण्याचं. म्हणजे सगळं काही बापाचं, आई नुसती कूस. अमिचीनं आमरांवर (ऑर्किडवर) काम करून दाखवून दिलं की गर्भ होतो तो बीजांडात आधीपासून असलेल्या पेशीचा. वाद मिटायला १८५०चं दशक उजाडावं लागलं. तो इतकी वर्षं का चालला असावा, याचं उत्तर सूक्ष्मदर्शकात मिळेलसं मला वाटत नाही.

कारण नीट पाहिलं तर निवड करते ती कुक्षी.

परागकण निघतानाच बहुतेक पाणी गाळून टाकतो, कोरडा आणि सुप्त होतो. भाताचा पराग काही मिनिटांत मरतो, इतरांचा काही तास, काही दिवस टिकतो. कुक्षीवर उतरल्यावर त्याला पहिल्यांदा हवं असतं पाणी, आणि ते देणं न देणं कुक्षीच्या हातात असतं. मोहरीच्या कुळात कुक्षीच्या पेशी परागाच्या लेपातलं एक प्रथिन ओळखतात. ते आपल्याच झाडाचं निघालं तर पाणी तोडतात. कण तिथेच, कुक्षीच्या माथ्यावर, कोरडा पडून राहतो. तंबाखू आणि पेटुनियाची रीत वेगळी. ती नळीला आत येऊ देतात आणि कुक्षीवृंताच्या, म्हणजे कुक्षीखालच्या देठाच्या, वाटेवर एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं तिचं आरएनए तोडून टाकतात. खसखशीच्या कुळात तर नको असलेल्या परागाला स्वतःचंच मरण स्वतः घडवून आणायला लावतात. आणि ती फुलदाणीतली लिली? लिलीच्या कित्येक जाती आपला पराग आपल्याला चालवून घेत नाहीत. नळी निघते, आत शिरते आणि अर्ध्या वाटेत खुंटते. एकाच फुलात, बोटभर अंतरावर, सहा भरलेले परागकोश आणि चिकट कुक्षी समोरासमोर असूनही! या सगळ्याला लग्नाची भाषा लावायची हौस लिनियसपासून चालत आलेली आहे. एक नवरा, दोन नवरे अशी त्यानं फुलांची वर्गवारीच केली. वाचायला गंमत वाटते. पण घरातल्या स्थळाला नकार देऊन कुठल्या तरी भुंग्याच्या पायाला लागून आलेल्या परक्याला होकार देण्याची ही रीत आमच्या लग्नांच्या चौकटीत बसवायची तरी कशी?

होकार मिळाला की नळीचा खरा प्रवास सुरू होतो. लिलीत तो कित्येक सेंटिमीटरांचा असतो. मक्यात तर एकेका केसाच्या लांबीएवढा, कधी ३० सेंटिमीटरांपर्यंत, आणि साधारण एका दिवसात उरकायचा. ज्या कणातून निघायचं तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. नळी फक्त टोकाशी वाढते. आतला सगळा जीव, दोन्ही पुंबीजांसकट, टोकाच्या मागोमाग पुढे सरकत राहतो, आणि मागे पडलेल्या रिकाम्या भागात थोड्या थोड्या अंतरावर बूच बसत जातं. घर कायमचं सोडताना एकेका खोलीचा दिवा मालवून दाराला कडी घालत पुढे यावं, तसं. परतीचा प्रश्नच नाही. वाट दाखवायलाही पलीकडे कुणीतरी असतं. अंडपेशीच्या दोन्ही बाजूंना दोन साहाय्यक पेशी असतात. त्या बारीक प्रथिनं स्रवतात आणि त्यांच्या ओढीनं नळी वळते. जपानच्या तेत्सुया हिगाशियामा यांच्या गटानं टोरेनिया या फुलात ही प्रथिनं २००९ साली शोधली. टोरेनियाच का? तर तिचा भ्रूणकोश, म्हणजे अंडपेशी ज्यात असते ती पिशवी, बीजांडातून थोडा बाहेर डोकावतो, त्यामुळे सगळं उघड्या डोळ्यांसमोर, म्हणजे भिंगासमोर घडतं. पोचलेली नळी साहाय्यक पेशीत शिरते आणि फुटते. ती पेशीही मरते. बोलावणारी आणि आलेला, दोघंही त्या एका घटकेत संपतात.

उरतात दोन पुंबीजं. एक अंडपेशीशी एकरूप होतं, त्यातून गर्भ. दुसरं भ्रूणकोशातल्या मधल्या पेशीशी, त्यातून भ्रूणपोष, म्हणजे गर्भाची शिदोरी. धान्याच्या दाण्यातला पिठाळ भाग तो हाच. जगातली माणसं बहुतांशी ज्याच्यावर जगतात ते पीठ या दुसऱ्या, वरकड वाटणाऱ्या पुंबीजाशिवाय तयारच होत नाही. हे द्विफलन सर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली दाखवलं आणि ते दिसलं होतं, योगायोग बघा, लिलीत. लिलीचा भ्रूणकोश मोठा, म्हणून तो अभ्यासाला सोयीचा. माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरं मग? डाग पडतो तो पडतोच ना?" आणि तेही खरंच.

मक्याचं कणीस सोलताना मधेच एखादी जागा रिकामी दिसते. शेजारचे दाणे तिच्याकडे झुकून, फुगून बसलेले असतात. प्रत्येक केस एकेका दाण्याचा, हे कळल्यापासून ती रिकामी जागा मला वाचता येते. त्या केसावर पराग पडला नाही, किंवा पडला तेव्हा केस सुकून गेला होता, किंवा फार तापलेल्या दुपारी तो पडायच्या आधीच मेला होता. धान्याच्या पिकांचा पराग उष्णतेला फार हळवा. भाताचं फूल एकदाच, तास-दीड तास उघडतं, आणि नेमक्या त्या वेळी पारा ३५ अंशांच्या वर गेला तर दाणा पोचट राहू शकतो. झाड हिरवंगार, कणसं डौलदार, आत काही नाही. तापमानवाढीवर होणाऱ्या मोठमोठ्या चर्चांत या तास-दीड तासाचं नाव क्वचित ऐकू येतं.

पराग मिळाला की फूल कोमेजतं, ही गोष्टही मला फार उशिरा उमगली. आमर, पेटुनिया, कार्नेशन अशा कितीतरी फुलांत परागण होताच इथिलीन वायू सुटतो आणि पाकळ्या माना टाकतात. काम झालं, जाहिरात बंद. फुलदाणीत दिवसेंदिवस टवटवीत राहणारं फूल बरेचदा कुणीच न आलेलं फूल असतं, आणि आपण त्या ताजेपणाचं कौतुक करत बसतो. हे लिहितानासुद्धा एक कबूल करायला हवं, मलाही टिकणारी फुलंच आवडतात.

शिवाय परागाचं प्रेम निभावणं सोपं नाही. गवतं फुलावर आली की माझे डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, शिंकांवर शिंका. एवढी आत्मीयता बाळगूनही शरीर त्याला शत्रूच मानतं. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांना हाच त्रास होता. त्यांनी पराग स्वतःच्या नाकाला आणि त्वचेला लावून पाहिला, चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून आकाशात चढवल्या, आणि उंचावरच्या हवेतही पराग असतो हे दाखवून दिलं. त्यांचं पुस्तक १८७३ मध्ये आलं. शिंका देणारा पराग बहुधा वाऱ्यावर सोडलेला असतो, गवतांचा, बर्चचा. लिलीचा तेलकट, जड पराग एवढ्या लांब येत नाही. तो डाग पाडतो, शिंका नाही. मक्याच्या एका तुऱ्यातून लाखो कण सुटतात आणि कणसाला हवे असतात काही शे. बाकीचे कुठे जातात? पानांवर, मातीत, पाण्यात, माझ्या नाकात.

पाण्यात गेलेल्यांची मात्र पुढे गंमत होते. आतला जीव लगेच संपतो, पण परागाचं बाहेरचं कवच निसर्गातल्या सर्वांत चिवट पदार्थांपैकी एकाचं, स्पोरोपोलेनिनचं असतं. तळ्याच्या, दलदलीच्या गाळात, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते हजारो काय, लाखो वर्षं टिकतं. प्रयोगशाळेत त्या गाळावर वाळू विरघळवणारं आम्ल ओततात. वाळू जाते, कवचं राहतात. कुणाला तीन खाचा, कुणाला एकच छिद्र, कुणाच्या अंगावर काटे, पाइनला दोन बाजूंना हवेचे दोन फुगे. त्यावरून झाड ओळखायचं, थराथरानं मोजत जायचं. १९१६ साली लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकानं ही मोजणी आलेखांत मांडली आणि हिमयुगानंतर कुठली रानं कधी आली, कधी हटली हे वाचायची सोय झाली. हे सगळे कण कुक्षीपर्यंत न पोचलेले. पोचलेल्यांची गाळात नोंदच नसते.

या वाचनात एक खोट आहे आणि अभ्यासकांना ती पक्की ठाऊक असते. वाऱ्यावर पराग उधळणारी झाडं गाळात भरमसाट सापडतात. कीटकांवर भिस्त ठेवणारी झाडं पराग बेतानं करतात, चिकट लेपानं धरून ठेवतात, आणि तळ्यापर्यंत त्यातला फार थोडा पोचतो. म्हणून प्रत्येक वनस्पतीच्या मोजणीला वेगळी दुरुस्ती लावावी लागते. पाइनचे शेकडो कण मिळाले तरी काठावर पाइनचं रान होतंच असं म्हणता येत नाही. ते फार दुरून उडत आलेले असू शकतात. कीटकांवर विसंबणाऱ्या लिंडनचे चारदोन जरी मिळाले, तरी ते झाड तळ्याच्या आसपासच कुठेतरी उभं होतं असं धरायला हरकत नसते.